मैदानावरचा एकच संडास

आठवीत असताना वर्गातल्या मुली मला टमरेल म्हणायला लागल्या. तोंडावर नाही, पाठीमागं. पण आमच्या वर्गात पाठीमागं बोललेलं सगळं पुढं ऐकू यायचं. तास चालू असायचा, बेंबीच्या खालून मुरडा उठायचा आणि मी हात वर करायची. सर मान हलवायचे. परत येऊन बाकावर बसते न बसते तोच दुसरी कळ. पुन्हा हात वर. एकदा सर म्हणाले, "काय गं, तास चुकवायचा असंल तर सरळ सांग की." सर मनानं वाईट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटलं असेल. वर्ग हसला. आपणही हसावं म्हणून मी हसायला गेले, आणि त्या हसण्यात जे अडवून धरलं होतं ते सुटलं.

शाळा सुटेपर्यंत मी बाकावरून उठले नाही. सगळ्या गेल्यावर दप्तराचा पट्टा लांब करून ते मागं, खाली लोंबेल असं अडकवलं आणि तीर्थपुरीच्या बाजारातून भिंतीच्या कडेकडेनं घरी आले. आईनं स्कर्टवरचं रक्त पाहिलं आणि तिला वाटलं, मी मोठी झाले. तिनं मला कोपऱ्यात बसवलं, मावशीला फोन केला, गोड काहीतरी करायला घेतलं. मला काय झालंय ते माझं मलाच कळत नव्हतं, तर तिला काय सांगणार! आठ-पंधरा दिवस झाले तरी रक्त थांबेना, आणि ते भलतीकडूनच येतंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे मावशीला पुन्हा फोन. म्हणाली, "कुणाला बोलू नको."

माझ्या आजारातलं हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असेल. आई माझे कपडे उजाडायच्या आधी धुवायची आणि गच्चीवर न वाळवता आत, कणगीच्या मागं दोरीवर घालायची. शेजारणीनं विचारलं तर सांगायची, पित्ताचा त्रास आहे. पित्त चारचौघांत सांगता येतं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी उष्णता म्हणालं. डाळिंबाची सालं उकळून झाली, ताक झालं, इसबगोल झाला. मी वाळत गेले. वर्गातल्या मुली उंच झाल्या आणि मी तेवढीच राहिले.

शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. अण्णा आमची मोसंबीची बाग बघतात. बोलणं मोठं, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेलं. वडीगोद्रीला हायवेवर उतरून संभाजीनगरची गाडी धरायची होती. जीपमध्येच मला घाम फुटला होता. उतरल्याबरोबर अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिथल्या एका हॉटेलात शिरून तेवढ्याच मोठ्यानं विचारलं, "मालक, पोरीला परसाकडं लागलीय, जागा दाखवा जल्दी."

बाकड्यावर चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. भजी तळणारा झाऱ्या हातात धरून थांबला. मालकानं मागचं दार दाखवलं आणि मी त्या सगळ्यांच्या मधून गेले. मागं पत्र्याचा आडोसा होता, खाली दोन दगड होते. पत्र्याच्या फटीतून हॉटेलातलं बोलणं ऐकू येत होतं. अण्णा कुणाला तरी सांगत होते, किती दिवसांपासून आहे, दिवसातून किती वेळा. समोरचा माणूस आपल्या मेहुण्याचं सांगत होता. मला वाटलं, आता इथून बाहेर जायचंच नाही, हा पत्रा अंगावर पडला तरी चालेल. बाहेर आले तेव्हा मालक म्हणाला, "बस बाई, लिंबू सरबत देतो." मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात दुर्बीण आत घालून तपासलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस. अण्णांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसेना, मग सोडून दिलं. "जाईल ना साहेब?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जात नाही. झोपवून ठेवता येतो." गोळ्या सुरू झाल्या. रक्त कमी झालं पण तोंड सुजून पुरीसारखं झालं, गालावर लव आली. शाळेत मुलींना आता नवीन विषय मिळाला.

पुढची वर्षं तशीच गेली. आजार झोपायचा, उठायचा. परीक्षेच्या दिवशी उठायचा, लग्नात पंगतीला बसलं की उठायचा. बारावीनंतर कॉलेजसाठी मी जालन्यात आले, खोली घेऊन राहिले, आणि शिक्षण झाल्यावर नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम मिळालं. ओल्या कागदात दाणे ठेवायचे, कोंब आले की बघायचे. मुलाखतीला गेले तेव्हा पगार विचारायच्या आधी मी संडास कुठं आहे ते बघून घेतलं होतं. उगवण तपासायच्या खोलीला लागूनच होता. मी लगेच हो म्हटलं.

मधे एक स्थळ आलं. आईनं बजावलं होतं, बिलकुल बोलायचं नाही. पोहे झाले, बोलणं चांगलं चाललं होतं, पण मला तेवढ्या वेळात सारखं उठावं लागलं. मुलाच्या आत्यानं विचारलं, "पोरगी सारखी आत-बाहेर करून राह्यली, काही हाय का?" आई म्हणाली, घाबरलीय. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. अण्णा नंतर म्हणाले, "सांगून टाकलं असतं तर बराबर झालं असतं." आई त्यांच्यावर एवढी चिडली की दोन दिवस बोलली नाही. आणि मला दोघांचंही पटत होतं. सांगावं लागणं जेवढं लाजिरवाणं, तेवढंच लपवताना पकडलं जाणंही.

धावायला लागले ते जालन्यातल्या डॉक्टरीणबाईंमुळं. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी हाडं कमजोर होतात, चालत जा. आजार तेव्हा बऱ्याच महिन्यांपासून झोपलेला होता. मोती तलावाकडं चालायला जायला लागले आणि एक दिवस, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, पळाले. छाती भरून आली, पिंढऱ्या दुखल्या, पण पोट गप्प होतं. इतकी वर्षं मी पळत होते ते एकाच ठिकाणाकडं. त्या दिवशी पहिल्यांदा कुठंच पोचायचं नसताना पळत होते. घरी येऊन मी रडले, का ते सांगता येत नाही.

पण मोकळेपणानं धावले असं मात्र कधी झालं नाही. माझा रस्ता पेट्रोल पंप, दवाखाने, ओळखीची मंगल कार्यालयं यांच्यावरून ठरायचा. कंबरेला एक पिशवी बांधलेली असायची. कुणी विचारलं तर मोबाईल आहे म्हणायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांच्या काही सोबत्यांनी एक दौड ठरवली. या आजाराची लहान मुलं खेड्यापाड्यांतून येतात, त्यांच्या औषधांसाठी आणि दवाखान्याजवळ त्यांना थांबायला संडास-न्हाणी असलेली खोली हवी होती त्यासाठी. धावणाऱ्यानं आपापल्या ओळखीत वर्गणी गोळा करायची. बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही धावा. आणि जमलं तर स्टेजवरून दोन शब्द बोला. पेशंट म्हणून. मुलांच्या आयांना दिसू दे की असं उभं राहता येतं."

"धावते," मी म्हटलं. "बोलणार नाही."

त्यांनी आग्रह केला नाही. तेच मला जास्त लागलं.

वर्गणी मात्र मी झपाटल्यासारखी गोळा केली. कंपनीत, मोंढ्यातल्या दुकानांत, खोलीच्या मालकिणीकडं. ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं, "तुला या आजाराचं एवढं कसं माहीत?" मी म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला आहे." मॅडम हळहळल्या. "बिचारी. बाईच्या जातीला असला आजार म्हणजे..." त्यांनी नाक थोडं आक्रसलं, अगदी थोडं, आणि चांगली वर्गणी दिली. त्या नाकाचा मला राग आला नाही. माझ्या जागी त्या असत्या आणि त्यांच्या जागी मी असते, तर माझंही तसंच झालं असतं, असं वाटून मी खाली बघितलं.

दौडीच्या दिवशी अण्णा तीर्थपुरीहून मोटारसायकलवर पहाटेच निघून आले होते. आई आली नाही. मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, माझी ती पद्धतच आहे. अण्णांनी पिशवीतून मोसंबी काढली. "खाऊन घे, ताकत येईल." मी नको म्हटलं. "मंग पळून आल्यावर," ते म्हणाले आणि गर्दीत पुढं जाऊन उभे राहिले.

दहा किलोमीटर. मैदानापासून अंबड चौफुलीकडं आणि परत. मी धावले. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच मोठं होतं. ऊन चढलं नव्हतं, चहाच्या टपऱ्या उघडत होत्या, रिक्षावाले हात करत होते. शेवटच्या वळणाला मी दोन पोरांना मागं टाकलं. रेघ ओलांडली तेव्हा अण्णांनी शेतात मारतात तशी आरोळी मारली आणि गळ्यात कुणीतरी मेडल घातलं. मंडपात पहिल्या रांगेत आजारी मुलं आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. त्यातली एक बाई उठून जवळ आली. अंबडकडच्या कुठल्याशा गावची. हातात हात घेऊन म्हणाली, "तुमच्यासारख्या चांगल्या मानसाहीमुळं आमच्या लेकराचं व्हतंय बाई. देव तुमाला असंच निरोगी ठेवो." तिच्या मागं तिची पोरगी उभी होती, बारा-तेरा वर्षांची, नवीन पिवळा ड्रेस, सुजलेले गाल. त्या गालांवरून मी तिला लगेच ओळखलं. ती माझ्या बुटांकडं बघत होती.

मी "हो, हो" असं काहीतरी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

आणि तिथंच पोटात कळ आली. कितीतरी महिन्यांनी. धावताना नाही, धावणं संपल्यावर, मेडल गळ्यात असताना.

मैदानाच्या कोपऱ्यात बायकांसाठी दोन संडास होते. एकाला कुलूप होतं. मी दुसऱ्यात शिरले, कडी लावली. भाषण सुरू झालं होतं, लाउडस्पीकरमधून शब्द येत होते. पाचेक मिनिटं झाली असतील, दारावर थाप पडली.

"आत कोण हाय? जल्दी करा."

आवाज पोरीचा होता. मी म्हटलं, "एक मिनिट." पण ते माझ्या हातात नव्हतं. हा आजार ज्याला आहे त्याला माहीत आहे, एकदा सुरू झालं की उठता येत नाही. उठलं तरी पुन्हा बसावं लागतं.

"ताई, जल्दी करा ना. ताई."

दुसऱ्या दाराचं कुलूप कुणीतरी ओढून पाहिल्याचा आवाज आला. मग पुन्हा माझ्या दारावर, आता दोन्ही हातांनी. "ताई, पाया पडते." मी दात आवळून उठायचा प्रयत्न केला, आणि पोटात असा पीळ पडला की भिंत धरून खाली बसले. अशा दारांच्या बाहेर मी किती वर्षं उभी होते! अशाच कितीतरी दारांवर मी थापा मारल्या होत्या आणि आतल्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आता आतली बाई मी होते.

मग थापा थांबल्या. नंतर तिच्या आईचा आवाज आला, दबका, चिडलेला. "केलंस ना? सांगितलं व्हतं सकाळी काही खाऊ नको. एवढे लोक आलेत. नवा ड्रेस." आणि एक चापट.

मी दार उघडलं तेव्हा पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी होती. पिवळी सलवार मागून पार खराब झालेली. आई पदरानं तिला झाकायचा प्रयत्न करत होती आणि स्वतःच रडत होती. मैदानाकडून दोन बायका हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होत्या. त्या थांबल्या, बघितलं आणि वळून गेल्या.

"आत ये," मी म्हटलं. पोरगी हलेना. मी तिला दंडाला धरून आत घेतलं, नळ सोडला आणि कंबरेची पिशवी उघडली. त्यात काळी सलवार होती, घडी करून रबरबँड लावलेली. साबणाची वडी, पॅड, जुना पंचा, घाण कपडे भरायला काळी पिशवी. मी एकेक काढून तिला देत गेले. पोरीनं सलवार घेतली. मग साबण. मग काळी पिशवी हातात घेऊन ती थांबली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"हे सगळं तुम्ही कशाला घेऊन फिरता?"

मी नळ अजून मोठा सोडला.

"तुमाला बी हाय?"

बाहेरून तिची आई म्हणाली, "गप बस गं. त्या पळून आल्यात, त्याह्यला कशाचं असतंय."

मी इतक्या वर्षांत एकदाही ते वाक्य स्वतःहून कुणापुढं म्हटलं नव्हतं. डॉक्टरांपुढंसुद्धा आधी अण्णा बोलायचे, नंतर कागद. लाउडस्पीकरमधून टाळ्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "हाय. मलाबी हाय." आवाज एवढा बारीक निघाला की पोरीला ऐकू गेला असेल, तिच्या आईला नाही. पण मग तिची आई आत डोकावली. माझ्याकडं, गळ्यातल्या मेडलकडं, पिशवीकडं बघून म्हणाली, "खरंच का बाई?" आणि तिथंच दाराच्या उंबऱ्यावर बसली.

पोरगी तेवढ्यात कपडे बदलून घेत होती. सलवार तिला लांब झाली, खालून दुमडावी लागली. ती म्हणाली, "आई, तू बाहेर बस ना."

लाउडस्पीकरवर माझं नाव घेतलं. सगळ्यात जास्त वर्गणी गोळा करणाऱ्याचा सत्कार होता. पुन्हा घेतलं. थोड्या वेळानं अण्णा शोधत आले. "बाई, तुझं नाव पुकारून राह्यले ना." मग त्यांनी पोरीला पाहिलं, काळी पिशवी पाहिली, आणि काही न विचारता शेजारच्या हौदावरून बादली भरून आणून ठेवली. तेवढंही ते हळू आवाजात करू शकत नाहीत. "अजून लागली तर सांगा," असं मैदानात ऐकू जाईल असं म्हणाले.

मी सत्काराला गेले नाही. आता ऐकणाऱ्याला वाटेल, पोरीसाठी थांबले. थोडं ते होतंच. पण खरं म्हणजे मला त्या दोन बायकांची भीती वाटली, वळून गेलेल्या. त्या मंडपात असतील, मला स्टेजवर बघतील आणि त्या पोरीशी जोडतील, असं वाटलं. पोरगी मंडपात जायला तयार नव्हती आणि मीही नव्हते. आम्ही दोघी त्या कुलूप लावलेल्या संडासाच्या पायरीवर बसलो. अण्णांनी मोसंबी सोलून आणून दिली. तिनं आईकडं बघितलं, खाऊ का म्हणून. मी म्हटलं, रस गिळ, चोथा थुंकून टाक. ती माझ्याकडं बघत तसंच करायला लागली.

माझ्या वतीनं, दौड बघायला आलेल्या ऑफिसातल्या मॅडमनी सत्कार घेतला. सोमवारी त्यांनी विचारलं, "ऐन वेळी कुठं गेल्ती?" मी म्हटलं, "पोट बिघडलं होतं." त्यांनी ड्रॉवरमधून ओव्याची पुडी काढून दिली. पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं मी, पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्या फोनवर बोलायला लागल्या, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मॅडमना मी अजूनही सांगितलेलं नाही. मैत्रीण कशी आहे म्हणून त्या मधूनमधून विचारतात.

आईला मात्र सांगितलं, त्या मायलेकींपुढं मी काय बोलले ते. तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कुठल्या गावच्या होत्या?" मी सांगितलं. "त्या गावात आपली सोयरीक हाय," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. अण्णा हसायला लागले. मग हळूहळू आईही हसली, पण डोळे पुसत.

पोरीनं त्या दिवशी माझा नंबर घेतला होता. आता ती फोन करते, शाळेच्या मधल्या सुट्टीत घरी आली की, आईच्या मोबाईलवरून. ती जेव्हा फोन करते तेव्हा मी उगवण-खोलीत असते, आजूबाजूला चार-पाच जण कागदाच्या गुंडाळ्या उलगडत असतात. मी उठून जिन्यात जाते आणि तोंडाशी हात धरून बोलते. परवा तिनं विचारलं, शाळेत पळायची शर्यत आहे, भाग घ्यावा का, आणि मधेच रक्त आलं तर काय करायचं. मी सांगायला लागले. आधी काय खायचं नाही, पॅड कसं लावायचं, सरांना आधीच काय सांगून ठेवायचं.

"ताई, मोठ्यानं बोला ना," ती म्हणाली. "काहीच ऐकू येईना."

जिन्यातून खालून कुणीतरी वर येत होतं. मी तोंडावरचा हात काढला. कान तापले, ते अजूनही तापतात. पण पुन्हा पहिल्यापासून, तिला ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं.